बुटावरून व्याही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेच हसलात तर मला राग येतो आणि शेवटी हसलात तर माझं मलाच आवरत नाही. घोटाळाच तसा केलाय मी! त्या दिवसापासून आमच्या मेहकरात मला लग्नाच्या कोणत्याच कामाला कोणी बोलावत नाही. बोलावलंच तर आधी सांगतात, "बाळूभाऊ, तुमी फक्त जेवाले या. कोणाले बसवू नका, उठवू नका."

आता मी कोण, ते सांगतो. मेहकरात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. सगळं आयुष्य लोकांच्या पायाशी बसून गेलं आणि त्याचा मला भारी गर्व! तुम्ही माणसाच्या तोंडाकडं बघता ना? मी पायाकडं बघतो. टाच घासलेली असली की समजावं, हप्ते थकलेत. नाडी नवी आणि बूट जुना असला की नवरदेव मुलगी बघायला निघालाय. माणसाची पायरी मी बुटावरून ओळखतो, आणि आजवर चुकलो नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

असे. हा शब्द नीट ऐकून ठेवा.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, जवळच्याच खेड्यात शेती करतो. गावात सगळ्यात जास्त जमीन त्याची. पण अंगात ठिगळ लावलेला सदरा आणि पायात टायरच्या चपला. माझं बुटांचं दुकान असून सख्खा भाऊ टायरच्या चपला घालतो, सांगा, माझी काय इज्जत राहिली? तालुक्याला कामाला आला की शिपाई त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतो, आणि हा गडी तिथं मजेत शेंगा सोलत बसतो.

त्याची एकुलती एक पोरगी पूर्वा. शिकायला इंग्लंडला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि टॉम नावाचा एक मुलगा तिनं पसंत केला. पोरगा चांगला. फोनवर मला 'नमस्कार काका' म्हणाला, तिथंच मी पास केला. पण दादा अडून बसला.

"पोरगं चांगलं असंन रे बाळ्या," तो म्हणाला, "पन ते लोकं लय मोठेपणावाले असतेत म्हनतात. माह्या पोरीले तिकडं पायपुसन्यासारखं वागवलं तं मी इथून काय करू? मी पोराच्या बापाले पाहीन. मानूस पटला तं हाव, नाई पटला तं नाई."

आणि पूर्वाचं काय? तिनं मला फोन केला. आवाज अगदी एवढासा. "काका, बाबा नाही म्हणाले तर मी त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. पण मग दुसऱ्या कोणाशीच लग्न करणार नाही. तुम्हीच बघा आता."

आता मीच बघायचं म्हटल्यावर मी बसल्या जागी दोन इंच वाढलो. म्हटलं, "पोरी, तू बिनघोर राहा. मानपान माह्याकडं. पन मले एक सांग, तिकडं अजून उच्च-नीच, साहेब-नोकर असं काही हाय काय?"

"हाय ना काका. तोंडावर कोणी बोलत नाही, पण मानूस दोन शब्द बोलला की लोक ओळखतात हा कोणत्या शाळेत शिकला. चहात दूध आधी टाकलं का मागून, त्याच्यावरूनसुद्धा पायरी ठरवतात! टॉमच्या घरात तर दोन्ही टोकं हायेत. त्याचे बाबा जुन्या जमीनदार घराण्यातले, आणि आई..."

पुढचं मी ऐकलंच नाही. जमीनदार! विलायतेतला जमीनदार! माझ्या डोळ्यांपुढं त्याचे बूटच उभे राहिले.

हिवाळ्यात पाहुणे यायचं ठरलं. माझ्याकडंच, कारण सोफा माझ्याकडं आणि विलायती पद्धतीचा संडासही माझ्याकडं. सलीमभाईचा बँड सांगितला. फेटा बांधणारा बोलावला. बैठकीत मधोमध सिंहाच्या तोंडाची एक मोठी खुर्ची आणून ठेवली, स्टेजवर नवरदेवाला ठेवतात तसली. मी स्वतः पांढरा शर्ट, काळी पँट, वर काळं जाकीट, आणि पायात दुकानातला सगळ्यात भारी काळा बूट! एवढा घासला होता की वाकून मिशी विंचरून घ्यावी.

दादा सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत ज्वारीची कोवळी कणसं आणि गोवऱ्या.

"हे काय रे दादा?"

"हुरडा. पाहुन्यायले हुरडा खाऊ घालू."

"अरे तो जमीनदार हाय! त्याले काय राखेत हात घालाले लावतं? त्याच्यासाठी कटलेट सांगितले मी."

दादा तसाच वळला. मागच्या अंगणात लिंबाखाली गेला, खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या आणि पोत्यावर बसला. मी म्हटलं, बरं झालं. पाहुण्यांसमोर ती ठिगळं तरी नकोत!

दुपारी पूर्वाचा देऊळगाव राजाहून फोन आला. "काका, टॉम, टॉमची आई आणि मी बालाजीच्या दर्शनाला थांबलो. पुढची गाडी तुमच्याकडं निघाली. टॉमच्या बाबांना नीट बसवा. आणि काल मी तुम्हाला मोबाईलवर लिहिलं होतं ना, की..."

"सगळं वाचलं!" मी म्हणालो आणि फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, काहीच वाचलं नव्हतं. आदल्या दिवशी मी सलीमभाईशी, बँडमधे एक तुतारी जास्त द्या, म्हणून भांडत होतो.

गाडी आली. आणि आता नीट ऐका.

गाडीतून दोन इंग्रज उतरले. पहिल्याच्या अंगावर कडक सूट, आत जाकीट, गळ्यात टाय. मी लगेच खाली बघितलं. तपकिरी बूट, लखलखीत! दुसऱ्याच्या अंगात कोपरावर ठिगळ लावलेला कोट, स्वेटरची वीण सुटलेली. आणि बूट? अरेरे! चामडं तडकलेलं, तळ दोनदा बदललेला, आणि एका बुटाची नाडी काळी तर दुसऱ्याची तपकिरी. वर हा माणूस डिकी उघडून स्वतः सगळ्या बॅगा उचलायला लागला.

तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? मी तेच समजलो. जमीनदार म्हटला की सोबत एक गडी असणारच!

"सलीमभाई, वाजवा!"

बँड सुटला. सूटवाला हात पुढं करून काहीतरी सांगत होता. मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. मी म्हटलं, "येस येस, वेलकम!" आणि गळ्यात हार घातला. फेटेवाल्यानं डोक्याला फेटा गुंडाळला. माझ्या बायकोनं, सुमननं, ओवाळलं. सूटवाला पुन्हा बोलायला गेला, तर सलीमभाईनं नेमका ढोल वाढवला.

बॅगा घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्याला मी घराच्या बाजूची बोळ दाखवली. "यू, दॅट साइड. बॅक. रेस्ट." तो हसला, 'थँक यू' म्हणाला आणि गेला.

आता इथं एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इंग्रज माणूस तुमची चूक तोंडावर सांगत नाही. तुम्ही त्याला विहिरीत ढकललं तरी तो आधी 'थँक यू' म्हणेल. आणि आपला वऱ्हाडी माणूस पाहुणचाराच्या भरात ऐकून घेत नाही. ही दोन माणसं समोरासमोर आल्यावर खरं बाहेर यावं कुठून?

सूटवाल्याला सिंहाच्या खुर्चीत बसवलं. तो दारात बूट काढायला वाकला, तर मी म्हटलं, "नो नो, राहू द्या!" सुमननं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. तिच्या घरात आजवर माझ्यासकट कोणी बूट घालून आलं नव्हतं. त्या दिवशी दोघं आलो, तो आणि मी.

तो अगदी ताठ बसला. हात गुडघ्यावर, मान सरळ. हसणं नाही, हलणं नाही. मी मनात म्हटलं, याला म्हणतात खानदान! कटलेट पुढं केलं तर एवढासा तुकडा तोडला आणि सांडू नये म्हणून खाली दुसरा तळहात धरला.

मग तो मागच्या दाराकडं बोट करून म्हणाला, "हेन्री इज..."

"आय नो, आय नो! फुल अरेंजमेंट फॉर हिम!"

"नो, बट ही इज..."

"डोन्ट वरी सर!"

किती दिलदार मालक! जेवताना गड्याची आठवण काढतो! मला भरून आलं. त्या भरात मी त्याला एक छोटं भाषणच दिलं, माझ्या मेहकरी इंग्रजीत. म्हटलं, सर, तुमच्या देशात अजून वरचे-खालचे असा भेद आहे, असं ऐकतो. आमच्या घरात तसलं काही नाही. ऑल सेम! एव्हरीबडी सेम!

तेवढ्यात आतून सुमनचा आवाज आला. "अवो, मागच्या त्या मानसाले चहा कपात देऊ का गिलासात?"

"गिलासात! स्टीलच्या!" मी ओरडलो आणि पुन्हा सूटवाल्याकडं वळलो. "ऑल सेम, सर."

खांद्यावर पांढरा नॅपकिन टाकून तो ग्लास मीच मागे घेऊन गेलो. बघतो तर काय? आमचा दादा आणि तो फाटक्या बुटांचा माणूस, दोघं पोत्यावर मांडी घालून समोरासमोर! हेन्रीनं ट्रॅक्टरच्या चाकातला काळ्या मातीचं ढेकूळ काढून हातात चुरलं होतं, वास घेत होता, आणि दादा जणू पोराचं कौतुक चाललंय असा फुलला होता. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि गप्पा थांबत नव्हत्या. दादा गरम कणीस तळहातावर कसं चोळायचं ते दाखवत होता. हेन्रीची बोटं भाजली, तो ओरडला, दादा हसला, मग हेन्रीही हसला. राखेनं दोघांची तोंडं काळी.

"पाहुन्याचा गडी हाय," असं दादाला सांगून मी ग्लास दिला. हेन्रीनं चहा घेतला, खिशातून घडी केलेली एक नोट काढली, माझ्या हातात दाबली आणि माझा खांदा थोपटला.

मी तर थक्क! एवढा गरीब माणूस, पण जेवणाचे पैसे देतोय! मी नको-नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. गरिबाचा स्वाभिमान दुखवू नये म्हणून मी नोट खिशात ठेवली आणि डोळे पुसत आत गेलो.

थोड्या वेळानं दादा उठून बैठकीच्या खिडकीशी आला. आत डोकावला. खुर्चीतल्या ताठ सूटवाल्याकडं बराच वेळ बघितलं, आणि मला बाहेर बोलावलं.

"बाळ्या, नाई."

"काय नाई?"

"मले बाप नाई पटला. लाकडासारखा बसला हाय. हासत नाई, बोलत नाई, कटलेट असं खाते जसं त्याच्यात खडा हाय. माही पोरगी या घरात गुदमरून जाईन."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "अरे दादा, खानदानी मानूस असाच असते!"

"मंग ठेव तुह्यापाशी तुहं खानदान. पूर्वाले सांग, मी नाई म्हनलो."

"दादा, पाया पडतो तुह्या! पोरगी जन्मभर लगन करनार नाई!"

दादाचा चेहरा उतरला. त्यालाही ते जड जात होतं, दिसत होतं. तो लिंबाखाली बसलेल्या हेन्रीकडं बघत हळूच म्हणाला, "इमानदारीनं सांगू का बाळ्या? त्या मालकापेक्षा त्याचा हा गडी लाख मोलाचा हाय. जमिनीचा मानूस हाय. मले राखेतून कनीस काढून देल्लं त्यानं, आंधी मले, मंग सोताले. याचं एखांदं पोरगं असतं ना, तं पोरगी डोये मिटून देली असती!"

"खरंच, बाबा?"

आम्ही दोघं दचकून वळलो. बोळीच्या तोंडाशी पूर्वा उभी. गाडी केव्हा आली, कळलंच नाही. मागे टॉम, आणि सोबत त्याची आई.

"खरंच देली असती?" पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम. "बाबा, याचंच पोरगं हाय! हेच टॉमचे बाबा!"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला लिंबाचं झाड उचलून स्वतःवर पाडून घ्यावंसं वाटलं.

"मंग खुर्चीत कोन हाय?" दादानं विचारलं.

"खुर्चीत?" पूर्वा धावत खिडकीशी गेली. "अरे देवा! काका, ते डेव्हमामा! टॉमचे मामा! प्लंबर हायेत ते. मी तुम्हाला लिहिलं होतं ना, मामा पण येतात म्हणून!"

"मग ते फाटके बूट..."

"काका, तिकडं जुनं घराणं असलं की आजोबाचा कोट नातू घालते. नवंकोरं घालून मिरवणं त्यांना कमीपणाचं वाटते. आणि मामा साधे कष्टकरी घरातले. पाहुण्यांकडं जायचं म्हणून बिचाऱ्यांनी नवा सूट शिवला, बूट घासले. ताठ बसले कारण टॉमच्या आईनं बजावलं होतं, आपल्यामुळं पोराचं लग्न मोडायला नको!"

म्हणजे बघा! बिचारा माणूस लग्न मोडू नये म्हणून ताठ बसला, आणि ताठ बसला म्हणून लग्न मोडत होतं!

मी धावत आत गेलो. पाठोपाठ सगळे. मी डेव्हमामाच्या डोक्यावरचा फेटा काढायला हात घातला, हेन्रीच्या डोक्यावर ठेवावा म्हणून. तेवढ्यात टॉमच्या आईनं माझं मनगट धरलं. ती काहीतरी बोलली, आणि पूर्वाचा आवाज सांगता सांगता जड झाला.

"काका, राहू द्या म्हणतात. त्यांच्या लग्नात टॉमच्या आजोबांनी मामांना शेवटच्या टेबलावर बसवलं होतं, स्वयंपाकघराच्या दाराशी. प्लंबर म्हणून. सख्ख्या बहिणीच्या लग्नात. आजवर त्या घरानं मामांना मधोमध खुर्ची दिली नाही. आज पहिल्यांदा कोणी दिली. ती काढू नका म्हणतात."

डेव्हमामा खुर्चीत तसाच बसून होता. फेटा कपाळावर आला होता आणि डोळे लाल. हेन्री पुढं झाला, राखेच्या हातांनी मेहुण्याचा फेटा सरळ केला, आणि काहीतरी म्हणाला. डेव्हमामा पहिल्यांदा हसला. असा हसला की सिंहाची खुर्ची करकरली.

दादाला इंग्रजी एक शब्द येत नाही. पण त्याला सगळं कळलं. त्यानं हुकूम सोडला, "बाळ्या, मामाले उठवू नको. खुर्चीसगट उचल आन् बाहेर आन!"

सलीमभाईच्या बँडवाल्यांनी खुर्ची डेव्हमामासकट उचलली आणि वाजतगाजत लिंबाखाली नेली. मधोमध फेट्यातला मामा, आजूबाजूला पोत्यांवर आम्ही सगळे. दादानं राखेतून पहिलं कणीस काढलं, चोळलं, आणि दाणे मामाच्या लखलखीत बुटांपाशी वाकून त्याच्या ओंजळीत दिले. मग हेन्रीकडं वळून त्याला छातीशी धरलं. व्याही-व्याही भेटले, हार नाही, नारळ नाही, दोघांच्या अंगाला राख. पूर्वा बापाच्या गळ्यात पडून रडली आणि मग एवढी हसली की हुरडा ठसक्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा. माझा व्हायचा होता.

सगळे रंगात आलेले बघून मला हेन्रीची नोट आठवली. मी ती खिशातून काढली आणि मोठ्या मनानं पूर्वाला म्हणालो, "यायले सांग, पैशाची काही गरज नव्हती. घरचं जेवन हाय, पाहुन्याकडून कोन पैसे घेते?"

पूर्वानं हेन्रीला विचारलं. हेन्री कानापर्यंत लाल झाला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. पूर्वानं ओढणी तोंडावर धरली.

"सांग ना वं, काय म्हनते?"

"काका, ते जेवणाचे पैसे नव्हते. बक्षिसी होती."

"कशाची?"

"त्यांना वाटलं तुम्ही वाढपी आहात. भाड्यानं बोलावलेले. म्हणतात, पांढरा शर्ट, काळं जाकीट, खांद्यावर नॅपकिन होता, पण खरं ओळखलं ते बुटांवरून. म्हणतात, आमच्याकडं घरात एवढे घासलेले बूट फक्त नोकराच्याच पायात असतात."

दादा पोत्यावरून मागे पडला. हसत हसत! सुमन तर घरात पळाली, पण तिचा हसण्याचा आवाज बाहेर येत होता. सलीमभाई म्हणाला, "बाळूभाई, बक्षिसी मिली है, हमारा हिस्सा?"

लग्न झालं, झोकात झालं. ती नोट दादानं काचेत बसवून माझ्या गल्ल्याच्या वर टांगलीय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, ही आमच्या बाळ्याची विलायती कमाई.

मीही त्यातून शिकलो. म्हटलं, खरा मोठा माणूस जुनंच घालतो. तेव्हापासून मी दुकानात ठिगळाचा सदरा आणि तडकलेल्या चपला घालून बसतो, अगदी जमीनदारासारखा.

परवाच एक गिऱ्हाईक आलं. माझ्या चपलांकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं आणि म्हणालं, "काऊन बे, मालक कुठी गेला? बलाव त्याले, आन् तवर हे बूट पुसून ठेव."

मी पुसून ठेवले. काय करणार, बक्षिसी देईल असं वाटलं!